नसलेला भाडेकरू

घर बांधून झालेल्या माणसाला सहज विचारा, "घर कसं झालंय?" तो तुम्हाला हाताला धरून माळ्यापर्यंत फिरवून आणील, सागवान कुठून आणलं ते सांगेल, वर चहा पाजेल. मी हातात मोजणीची फीत घेऊन तोच प्रश्न विचारला, की तोच माणूस म्हणायचा, "कायचं घर अन् कायचं काय दरोगाजी, पडून राहिलं पाहा." नोकरीभर मी हे वाक्य ऐकलं. ती पडणारी घरं अजून उभी आहेत. मीच तेवढा निवृत्त झालो.

अंकवाल्यांनी 'नोकरीतले गमतीदार प्रसंग' मागितले आहेत. त्यांना गंमत वाटत असेल तर वाटो. मला अजून ते प्रसंग आठवले की चीड येते, आणि बायको म्हणते, पाणी प्या.

इंग्रजांच्या अमदानीत, नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं तेव्हा, मी शहरात टॅक्स दरोगा होतो. दरोगा म्हटलं की लोकांना दंडुका आठवतो. माझ्याजवळ फीत होती, एक चपराशी होता आणि उन्हात तापलेली छत्री होती. लोक ज्याला नुसतं 'कमेटी' म्हणत, त्या नगरपालिकेच्या वतीने घरोघर जायचं, किती खण आहेत, भिंत विटेची की मातीची, वर कवेलू, म्हणजे कौलं, आहेत की टिन, जमीन शेणाची की फरशीची हे पाहायचं, आणि त्या घरावर घरटॅक्स किती बसावा याचा अंदाज द्यायचा. काम एवढंच होतं. एवढ्याशा कामासाठी माणसं माझ्याशी जन्माचं वैर धरत.

याचं कारण सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कायद्याचं म्हणणं असं होतं, की घर भाड्याने दिलं तर वर्षाला जेवढं भाडं येईल, त्याचा ठरावीक हिस्सा कर म्हणून घ्यावा. ज्याने घर खरोखर भाड्याने दिलंय त्याची गोष्ट सोपी. पण आपल्याकडे बहुतेक माणूस स्वतःच्या घरात स्वतःच राहतो. मग अशा घरात एक भाडेकरू राहायला आलाय असं धरायचं. तो किती भाडं देईल, त्याला अंगणातली विहीर आवडेल का, त्याला शेजारचा गोठा खपेल का, हे सगळं मी ठरवायचं. या नसलेल्या भाडेकरूबरोबर माझी हयात गेली. लोकांचा राग खरं तर त्याच्यावर असायचा, पण तो हजर नसल्यामुळे शिव्या मी खायचो.

इतवारीत एका म्हाताऱ्या धान्यवाल्याला मी नोकरीच्या सुरुवातीला सरळ विचारलं होतं, "शेटजी, हे घर भाड्यानं दिलं तर काय येईल?" म्हातारा गल्ल्यावरून उठला. "काहून? आम्ही मेलो का?" आतून त्याच्या बायकोने गळा काढला. तिला वाटलं, म्हाताऱ्याने कुणाकडे घर गहाण टाकलं आणि आता कमेटीचा माणूस भाडेकरू घेऊन आला. शेजारचे जमा झाले. मी तासभर समजावत होतो, की भाडेकरू नाहीच आहे, फक्त आहे असं धरायचं आहे. म्हातारा म्हणाला, "नाही तर धरता कशाले?"

महालात एका गृहस्थाने कमालच केली. पुरं न झालेल्या मजल्याची आकारणी होत नसे, म्हणून त्याने वरचा मजला बांधून काढला, रंग दिला, लेकाचं लग्न लावून सूनही वर राहायला पाठवली, आणि जिन्याची शेवटची पायरी तेवढी बांधली नाही. जिना अपुरा, म्हणून मजला अपुरा, म्हणून टॅक्स नाही. घरातली सगळी माणसं तिथे ठेवलेल्या एका स्टुलावर चढून वर जात. शेवटी तो स्वतःच त्या स्टुलावरून घसरला आणि पाय मोडून बसला. मी वर गेलो तेव्हा तिथेच पडल्या पडल्या पट्टी बांधलेला पाय पुढे करून मला म्हणाला, "पाहा, जिना अपुरा हाय का नाही? आता तरी पटलं?" मी कपाळाला हात लावून खाली आलो, अर्थात स्टुलावरूनच.

एका वर्षी मारबतीच्या मिरवणुकीत आमच्या नावाचा बडग्या निघाला. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते आणि शहराला ज्या ज्या पीडेने छळलं तिचा पुतळा, म्हणजे बडग्या, करून शहराबाहेर नेतात. त्या वर्षीची पीडा मी होतो. कागदाचं पोट, गळ्यात फीत, हातात छत्री. मी गर्दीत उभा राहून पाहिलं. पोट माझ्यापेक्षा मोठं केलं होतं, बाकी काम चांगलं होतं.

पण हा सगळा ताप एकीकडे आणि तुलनेचा ताप एकीकडे. माणसाला आपला टॅक्स किती आहे याचं एवढं दुःख नसतं. शेजाऱ्याचा किती आहे, याचं असतं. सीताबर्डीच्या माणसाला महालाचा हेवा, महालाच्या माणसाला इतवारीचा, आणि इतवारीत तर एका ओट्यावरचा माणूस समोरच्या ओट्याचा टॅक्स तोंडपाठ म्हणून दाखवायचा. त्यातून कायद्यानेच ही आग लावून ठेवली होती. टॅक्स जास्त वाटला तर हरकत घ्यायची, आणि हरकत घेताना कोणतं तरी तसंच घर दाखवून द्यायचं, की पाहा, याचा कमी आहे. लोकांना वाटे, असं दाखवलं की आपला कमी होईल. दोन घरं सारखी करण्याचे दोन रस्ते असतात, हे त्यांच्या कधी डोक्यातच येत नसे.

महादेवराव त्यांतलेच. इतवारीच्या मागच्या एका कोष्टी मोहल्ल्यात त्यांचं घर होतं. बाप विणकर, पण महादेवरावांनी माग सोडून कापडाची दलाली धरली होती आणि बरं चालवलं होतं. त्यांना लागून सगुणाबाईचं घर. महादेवरावांचा बाप आणि सगुणाबाईचा सासरा जिवाभावाचे दोस्त होते. दोघांनी एकाच वर्षी, एकाच गवंड्याकडून, एकाच नकाशाची दोन घरं बांधून घेतली, मध्ये एकच भिंत. त्या भिंतीत चुलीजवळ हात जाईल एवढा एक झरोका ठेवला होता. त्यातून विस्तव, विरजण, मीठ, आणि दोन्ही घरच्या बायकांचं बोलणं इकडून तिकडे जात असे.

सगुणाबाईचा नवरा तरणाच गेला. त्या मोहल्ल्यात बायकांनी कांड्या भरायच्या आणि पुरुषांनी मागावर बसायचं अशी रीत होती. ही बाई नवऱ्याच्या मागावर स्वतः बसली. सुरुवातीला लोक बोलले, मग तिची लुगडी पाहून गप्प झाले. माग मधल्या खोलीत होता. मागाखाली जमिनीत खड्डा असतो, विणणारा काठावर बसून पाय त्या खड्ड्यात सोडतो आणि पायांनी माग चालवतो. माझ्या आधीच्या दरोग्याने याच खड्ड्याचा आधार घेऊन तिचा टॅक्स कमी ठेवला होता. खड्ड्याच्या खोलीत नसलेला भाडेकरू झोपणार कुठे, असा त्याचा हिशेब. मला तो पटला होता आणि मीही तो चालू ठेवला. महादेवरावांनी मात्र आपल्या घरातला खड्डा केव्हाच बुजवून वर शहाबादी फरशी टाकली होती, म्हणून त्यांना पुरा टॅक्स. तो तिच्या तिप्पट होता, आणि ते दुःख त्यांना जेवू देत नव्हतं.

एक दिवस त्यांनी हरकत दाखल केली. मला विचारलं असतं तर मी पायाशी लोळण घेऊन थांबवलं असतं. हरकती ऐकायला कमेटीचे तीन मेंबर बसत. त्यांचे अध्यक्ष एक वकील होते, बोलायला मृदू आणि वागायला अगदी फुटपट्टी. त्यांनी विचारलं, "तुमचं म्हणणं काय आहे?"

"साहेब, दोन घरं हायत," महादेवराव म्हणाले. "एकाच गवंड्यानं बांधली. तेच खण, तीच विहीर, तेच लाकूड. मंग माहा टॅक्स वयनीच्या तिप्पट काहून?"

"म्हणजे दोन्ही घरं सारखी आहेत?"

"तंतोतंत साहेब. सुताचाबी फरक नाही."

"मग दोन्हींचा कर सारखाच पाहिजे."

"तेच तर म्हणून राहिलो साहेब."

मी बाजूला उभा राहून डोळ्यांनी खुणा करत होतो, पण महादेवराव माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहत होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला आग्रह करकरून पान खायला घातलं. ते पान मला कडू लागलं.

पुढे व्हायचं तेच झालं. महादेवरावांचा टॅक्स होता तिथेच राहिला आणि सगुणाबाईला तिप्पट का करू नये अशी नोटीस गेली. तिने ती शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतली. कोणाच्या हरकतीवरून हे झालं, तेही मास्तरांनी वाचून दाखवलं. त्या संध्याकाळी तिने चुलीजवळच्या झरोक्यात एक वीट बसवली आणि वरून शेणाने लिंपून टाकलं.

चौथ्या दिवशी महादेवराव सकाळीच माझ्या दारात. "दरोगाजी, हे काय झालं? मी माहा कमी करा म्हणलो होतो. तिचा वाढवा कोण म्हणलं?"

"तुम्ही सारखा करा म्हणालात."

"सारखा म्हणजे खालच्यासारखा ना जी. वरच्यासारखा सारखा कोण करते?"

मी म्हणालो, "कमेटी करते. कमेटी नेहमी वरच्यासारखाच सारखा करते. तुम्ही घर दाखवून दिलंत, त्यांनी पाहिलं."

ते माझ्या ओट्यावर बसले. मग हळूच म्हणाले, "घरी दही नाही जी तीन दिसांपासून. बायकोले म्हणलं, दुसऱ्याकून आण विरजण. तर म्हणते, आता कमेटीतून आणा."

मला त्यांचा राग आला होता आणि हसूही येत होतं. पण सगुणाबाईचं काय होणार हे मला दिसत होतं, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. गिरणीच्या कापडाने हातमागाचं कंबरडं आधीच मोडलेलं. तिच्या मिळकतीत तिप्पट टॅक्स बसत नव्हता. तो भरायचा तर एकच मार्ग होता, मधली खोली भाड्याने द्यायची. आणि ती द्यायची तर माग उपटून खड्डा बुजवायचा. म्हणजे टॅक्स भरण्यासाठी टॅक्सपुरतंच कमवायचं आणि पोटाचं साधन मोडायचं. मी अशी कितीतरी घरं पाहिली होती. आकडा मी घालायचो आणि त्या आकड्याच्या मागे घरात काय काय हलवावं लागायचं, ते मला पुढच्या फेरीत दिसायचं. या कामाची मला खरी शरम वाटायची ती तेव्हा.

मी महादेवरावांना सांगितलं, "सगुणाबाईने हरकत घ्यायची आणि तुम्ही तिच्या बाजूने साक्ष द्यायची. घरं सारखी नाहीत असं सांगायचं. तिच्या घरात काय काय वाईट आहे ते एकेक करून मांडा. मुख्य म्हणजे खड्डा."

"म्हणजे माहं घर चांगलं हाय असं म्हणाचं?"

"हो."

"कमेटीसमोर?"

"कमेटीसमोरच."

त्यांच्या चेहऱ्यावरची कळ पाहून मला वाटलं, ते नाही म्हणतील. पण ते उठले आणि "दह्याशिवाय जेवण जात नाही," एवढंच म्हणून गेले.

मग मी सगुणाबाईकडे गेलो. तिने मागावरून न उठताच माझं ऐकून घेतलं. मी पुन्हा पुन्हा बजावलं, की बाई, तिथे तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. महादेवराव बोलतील. साहेबांनी विचारलं तर नुसतं हो म्हणायचं. "मी कायले बोलू जी," ती म्हणाली. "तुमी दोघं हुशार माणसं हा." मी निर्धास्त होऊन परत आलो. इतकी वर्षं लोकांची घरं पाहिली, पण लोक काही मला कळले नाहीत.

सुनावणीला ती धुतलेलं लुगडं नेसून आली आणि बाकाच्या टोकाला बसली. तिच्याच हातचं लुगडं होतं ते. महादेवराव उभे राहिले.

"साहेब, मागच्या टायमाले मी चुकीचं बोल्लो. घरं सारखी नाहीत. तिच्या कवेलूतून पाणी गळते."

"कुठं गळते गा?" बाकाच्या टोकावरून आवाज आला. "या उन्हाळ्यातच तर फेरले सारे कवेलू."

मी घसा खाकरला. महादेवरावांनी दुसरा मुद्दा काढला. "साहेब, बाजूची भिंत पोटात आली. केव्हा पडीन नेम नाही."

"ती तुह्या बाजूनं पोटात आली महादेवा. आमच्या बाजूनं सरळ हाय. ओळंबा लावून पाहा म्हणा साहेबाले."

एक मेंबर हसले. अध्यक्ष हसले नाहीत, त्यांनी टिपून घेतलं. मी सगुणाबाईकडे हात जोडून पाहिलं. तिने मान खाली घातली. आता ती बोलणार नाही अशी माझी खात्री झाली आणि महादेवरावांनी आमचा मुख्य मुद्दा बाहेर काढला.

"अन् साहेब, मधल्या खोलीत भला मोठा खड्डा हाय. कोण राहीन त्या खड्ड्यात? कुत्रंबी बसणार नाही."

सगुणाबाई उठून उभी राहिली. पदर सारखा केला. आवाज चढवला नाही, पण तो सगळ्या दालनात ऐकू गेला.

"खड्डा कोणाले म्हणून राहिला तू? तो माग हाय. तुह्या घरी तसाच होता. तुहा बाप जन्मभर त्याच्यातच पाय टाकून बसला अन् तुले मोठं केलं. तू बुजवला, वर फरशी टाकली, तवा मी एक शब्द बोल्ली नाही. तुह्या घरचा तू बुजव. माह्याले कुत्र्याचा खड्डा म्हणाचं काम नाही." मग ती अध्यक्षांकडे वळली. "साहेब, साऱ्या घरात तेच खोली चांगली हाय. वरतून उजेड येते. माह्या सासऱ्यानं गवंड्याच्या मागं लागून तो वरचा झरोका काढून घेतला होता, का विणणाऱ्याचे डोळे जाऊ नये म्हणून. असा झरोका याच्या घरातबी हाय, पण याले आता माहीतबी नसन."

अध्यक्षांनी लेखणी खाली ठेवली आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "बाई, समजा माग काढला आणि ती जागा भरून घेतली, तर त्या खोलीत कोणाला राहता येईल का?"

मी तिच्याकडे पाहत होतो. नाही म्हण, असं मनातल्या मनात शंभरदा म्हणालो असेन.

"काहून नाही राहता येणार?" ती म्हणाली. "चार माणसं झोपतीन."

लेखणी पुन्हा उचलली गेली. घरं सारखी ठरली.

बाहेर कडुनिंबाखाली मी तिला गाठलं. माझा तोल गेला होता. "बाई, मी तुम्हाला गप्प राहा म्हणालो होतो."

"राहिली होती ना जी. त्यानं खड्डा म्हणलं."

"अहो, पण तुमच्याच भल्यासाठी म्हणाला तो."

"ते समजलं मले," ती म्हणाली. नवा टॅक्स किती पडेल ते तिने विचारलं, मी सांगितलं. तिने बोटांवर काहीतरी जुळवलं आणि मग म्हणाली, "म्हणजे माग काढाच लागते." तिने ते इतक्या साध्या आवाजात म्हटलं, की मला पुढे रागावताच येईना. पाच पावलांवर महादेवराव उभे होते. ते काही बोलायला पुढे आले आणि तसेच मागे फिरले. ती एकटीच चालत घरी गेली.

त्या पावसाळ्यानंतर मला त्या मोहल्ल्यात फेरी होती. खोलीची जमीन बदलली असेल तर ती नोंद करणं हे माझंच काम. मी ते टाळता येईल तेवढं टाळलं. शेवटी चपराशी म्हणाला, "साहेब, तेवढी एक गल्ली राहिली पाहा," तेव्हा जावंच लागलं. बुजवलेला खड्डा पाहायचं मनात येत नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी मी थांबलो. सगुणाबाईच्या घरातून मागाचा आवाज येत होता.

दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापडाचे गठ्ठे रचलेले, आणि एका गठ्ठ्यावर महादेवराव पंच्याने वारा घेत बसलेले. मला पाहून त्यांचा चेहरा असा झाला, की जणू मीच त्यांना तिथे नेऊन बसवलं होतं.

"या दरोगाजी. पाहा माहे हाल."

हाल असे होते. त्या सुनावणीनंतर ते वाढलेला टॅक्स आपण भरू म्हणून सांगायला आले होते, तर सगुणाबाईने त्यांना उभं केलं नाही. "मी भीक मागून राहिली का?" म्हणाली. मग त्यांच्या बायकोने डोकं चालवलं. घरात गठ्ठे ठेवायला जागा नव्हतीच. तर वयनीची पुढची खोली भाड्याने घ्यावी, तिचा माग आत चालू राहील, परका माणूस घरात यायला नको, आणि भीकही नको. सगुणाबाईला हे पटलं. महादेवरावांनी मग दलालाच्या सवयीने अगदी थोडकं भाडं सांगितलं.

"तर म्हणते कशी," महादेवराव म्हणाले, "म्हणते, कमेटीनं माह्या घराचं भाडं ठरवून देल्लं हाय, त्याच्या खाली मी जात नाही. अन् सारं घर तेवढ्याचं, तर रस्त्यावरची खोली अर्ध्याच्या वर धरा लागते. मी म्हणलो, वयनी, कमेटीचं भाडं काही खरं नसते, ते धरलेलं असते. तर म्हणते, काहून खरं नाही? तूच तर गेला होता साहेबाले सांगाले, का दोन्ही घरं सारखी हायत, सुताचा फरक नाही."

मी छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली.

"माहा टॅक्स तसाच राहिला," ते कण्हल्यासारखे म्हणाले, "अन् आता तिचाबी मीच भरून राहिलो." मग जरा पुढे वाकून त्यांनी आवाज खाली आणला. "दरोगाजी, तुमी साऱ्या गल्ल्या फिरता. बाजूच्या गल्लीत अशा खोलीचं भाडं काय हाय? इतकं तर नसन ना?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला खरा आनंद झाला तो तेव्हा. "महादेवराव," मी म्हणालो, "आता या घराला खरा भाडेकरू मिळालाय. तो खरोखर काय देतो, ते मला कळलंय. तुमचं घर याच्यासारखंच आहे. आणखी एक शब्द बोललात, तर या भाड्यावरून मला तुमच्या घराचा हिशेब नव्याने करावा लागेल."

त्यांनी पुन्हा पंच्याने वारा घ्यायला सुरुवात केली आणि बाजूच्या गल्लीचं नाव काढलं नाही.

मीही गठ्ठ्यावर टेकलो आणि त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. ज्याच्यापायी मी गावभर शिव्या खाल्ल्या, ज्याला कोणी कधी पाहिलं नाही, तो शेवटी सापडला होता. घामाने डबडबलेला आणि भाडं जास्त आहे म्हणून कुरकुरणारा.

आत माग थांबला. "कोण आलं गा?" सगुणाबाईने विचारलं.

"दरोगाजी आले."

"मंग त्याईले आत धाड."

मी आत गेलो. वरच्या झरोक्यातून उजेड बरोबर मागावर पडत होता. हिरवं लुगडं अर्धं विणून झालं होतं. चुलीजवळच्या झरोक्यात आता वीट नव्हती, तिथे विरजणाची एक वाटी झाकून ठेवलेली होती. सगुणाबाई मागाच्या काठावर बसली होती, पाय खाली सोडून. तिने मला बस म्हटलं नाही.

"आता तुमीच सांगा," ती म्हणाली, "हे खोली राहण्यासारखी हाय का नाही?"

"आहे," मी म्हणालो.

"मंग तसं लिहा."

"बाई, माग आहे तोवर ही खोली राहण्याजोगी नाही असं मला लिहिता येतं. पुढच्या आकारणीला सूट मिळेल. तुमचाच फायदा आहे."

"ते तुमी दुसऱ्याच्या घरी लिहा," ती म्हणाली आणि तिने पाय हलवले. माग सुरू झाला.

सगळ्या नोकरीत लोकांनी मला घर कमी लिहायला सांगितलं. बरोबर लिहा म्हणणारी ही एकटी भेटली, आणि तीही नेमकी जिचं कमी लिहावं असं मला मनापासून वाटत होतं. मी कपाळाला हात लावला आणि तसं लिहिलं.